श्रोणितलाचे दौर्बल्य आणि निर्धोक व्यायाम

जबलपूरच्या पूर्वेस असलेली खमरिया ही कारखान्याची वसाहत होय. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ साली, येथे दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो पुण्यास मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. १९५६ पर्यंत जबलपूर हे नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत असल्यामुळे या शहराशी मराठी कुटुंबांचा संबंध जुना आहे. खडकी, अंबाझरी, भंडारा, वरणगाव येथील आयुधनिर्माण्यांच्या वसाहतींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना खमरियाचे जीवन परके वाटणार नाही. तोच पाळ्यांवर चालणारा दिवस, तीच ओळीने बांधलेली घरे, आणि रुंद, झाडीचे रस्ते. सकाळी फिरावयास जाण्यास अशी जागा मोठ्या शहरात सहसा मिळत नाही.

अशा वसाहतीतील पन्नाशीच्या एखाद्या स्त्रीची कल्पना करावी. रक्तात साखर वाढली आहे, वजन वाढले आहे, आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास झपाझप चालण्यास सांगितले आहे. ती चार दिवस जाते आणि पाचव्या दिवशी थांबते. घरी सांगते की गुडघे दुखतात. परंतु खरे कारण गुडघ्यात नसते. पाऊल जोराने पडले, खोकला आला किंवा शेजारीण काही बोलली आणि हसू फुटले, की लघवीचे थेंब गळतात. कोणाला चालता चालता खाली काहीतरी जड उतरल्यासारखे वाटते. ही गोष्ट ती नवऱ्याला सांगत नाही, सुनेलाही सांगत नाही, आणि बहुधा डॉक्टरांनाही सांगत नाही. चालणे मात्र बंद होते. साखर वाढते, वजन आणखी वाढते, आणि वजन वाढले की गळणेही वाढते. या दुष्टचक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग व्यायाम सोडण्यात नसून तो योग्य रीतीने करण्यात आहे. तो कसा करावा, हे पुढील पृष्ठांत सांगितले आहे.

हा विकार थोड्यांचा आहे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचा वृत्तांत १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांपैकी शेकडा ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी एक तरी विकार होता. पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया मात्र शेकडा ८ इतक्याच होत्या. त्या पाहणीत सर्वच स्त्रीरोगांचा विचार होता, केवळ श्रोणितलाचा नव्हता. तथापि, बायका दुखणे अंगावर काढतात हे जे सर्वांस ठाऊक होते, ते तिने आकड्यांत मांडले.

श्रोणितल म्हणजे काय

कमरेच्या हाडांचा जो कडेकोट वाडगा असतो त्यास श्रोणी म्हणतात. या वाडग्याला हाडाचा तळ नाही. त्याचा तळ स्नायूंचा आहे. पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत हे स्नायू झोळीसारखे ताणलेले असतात. या झोळीत स्त्रियांच्या ठायी तीन वाटा असतात: मूत्रमार्ग, योनिमार्ग व गुदमार्ग. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना खालून आधार देणे, या वाटा आवळून धरणे आणि गरज पडताच सैल सोडणे, अशी तिहेरी कामगिरी या स्नायूंकडे आहे. पुरुषांनाही श्रोणितल असते. फक्त तेथे वाटा दोनच असतात. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, शस्त्रक्रियेनंतर ज्यांना लघवी आवरत नाही, त्यांनाही पुढे सांगितलेले बहुतेक व्यायाम लागू पडतात.

अवयवांना आधार केवळ स्नायूंचा नसतो. त्यांना वरून व बाजूंनी बांधून ठेवणारे तंतूंचे बंधही असतात. या दोहोंचा परस्परसंबंध समजावून देण्यासाठी शरीरशास्त्रज्ञ नौकेचा दृष्टांत देतात, आणि जबलपूरकरांना तो ग्वारीघाटावर प्रत्यक्ष पाहता येईल. नर्मदेच्या पाण्यावर तरंगणारी नाव दोरीने काठाशी बांधलेली असते. नावेचा भार पाणी पेलते, दोरी तिला फक्त जागच्या जागी ठेवते. पाणी ओसरले तर सारा भार दोरीवर येतो. दोरी ताणत जाते आणि एके दिवशी सुटते. येथे पाणी म्हणजे श्रोणितलाचे स्नायू आणि दोऱ्या म्हणजे ते बंध. स्नायू दुर्बल झाले की बंध ताणले जातात व अवयव खाली उतरू लागतात. यालाच गर्भाशयभ्रंश म्हणतात. घरगुती भाषेत ‘अंग बाहेर येणे’. ताणलेली दोरी व्यायामाने आखूड होत नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. पाण्याची पातळी मात्र पुष्कळ वेळा वाढवता येते.

हे स्नायू दुर्बल का होतात? पहिले व सर्वांत मोठे कारण प्रसूती. बाळाचे डोके बाहेर येताना हे स्नायू त्यांच्या लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात, आणि काही वेळा हाडापासून सुटतातही. चिमट्याने करावी लागलेली प्रसूती, मोठे बाळ, एकापाठोपाठ एक बाळंतपणे यांनी धोका वाढतो. त्यानंतर वय, रजोनिवृत्ती, स्थूलपणा, वर्षानुवर्षांचा खोकला, शौचास कुंथण्याची सवय आणि जड ओझी ही कारणे येतात. परंतु मूल न झालेल्या तरुण मुलींनाही हा त्रास होतो. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एकदाही प्रसूती न झालेल्या १४४ महाविद्यालयीन खेळाडू मुलींपैकी शेकडा २८ जणींनी खेळताना लघवी गळते असे सांगितले. जिम्नॅस्टिक्स खेळणाऱ्या मुलींत हे प्रमाण शेकडा ६७ होते. उडी मारून जमिनीवर आदळण्याचा हा परिणाम आहे. खेळांच्या शिक्षकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

दाब आणि श्वास

पोटाची पोकळी ही चारी बाजूंनी बंद असलेल्या पिशवीसारखी आहे. वर श्वासपटल, खाली श्रोणितल, पुढे पोटाचे स्नायू, मागे पाठीचा कणा. श्वास आत घेतला की श्वासपटल खाली येते आणि श्रोणितलही किंचित खाली सरकते. श्वास सोडला की दोन्ही वर जातात. माणूस जोर लावताना श्वास कोंडून धरतो तेव्हा वरचे झाकण घट्ट बसते, पोटातील दाब वाढतो आणि तो दाब सैल तळावर जाऊन पडतो. खोकणे, शिंकणे, कुंथणे, ओझे उचलणे या सर्व क्रियांत हेच घडते. जोराच्या खोकल्याने पोटात जो दाब उत्पन्न होतो, तो कित्येक व्यायामांत उत्पन्न होणाऱ्या दाबाहून अधिक असतो. म्हणून बिडी ओढणाऱ्या किंवा चुलीच्या धुराने रात्रंदिवस खोकणाऱ्या व्यक्तीने व्यायाम टाळून श्रोणितल सांभाळला, असे होत नाही. खोकल्यावर उपाय करणे हाच तिचा पहिला व्यायाम होय.

सुदृढ शरीरात दाब वाढण्याच्या क्षणभर आधी श्रोणितल आपोआप आवळते. दुर्बल शरीरात हा ताळमेळ बिघडलेला असतो. स्नायू एक तर उशिरा आवळतात किंवा अपुरे आवळतात. व्यायामाने शक्ती वाढवावयाची, तसाच हा ताळमेळही पुन्हा बसवावयाचा आहे.

केगेल यांचे कार्य आणि नंतरचा अनुभव

श्रोणितलाच्या व्यायामाचा उल्लेख १९३६ साली ब्रिटनमधील मार्गारेट मॉरिस यांनी केलेला आढळतो. परंतु त्यास शास्त्रीय पाया मिळाला तो लॉस एंजेलिस येथील डॉ. आर्नोल्ड केगेल यांच्या १९४८ च्या निबंधामुळे. स्नायूंच्या आवळण्याचा दाब मोजणारे एक साधे उपकरण त्यांनी तयार केले, त्यामुळे स्त्रीला आपली प्रगती काट्यावर पाहता येऊ लागली. आज जगभर हे व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

भारतातही या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालेले नाही. गोव्यात जन्मलेले व मुंबईत कीर्ती मिळवलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे गर्भाशयाच्या मुखास टाका घालण्याच्या, १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या, शस्त्रक्रियेमुळे जगभर माहीत आहेत. खाली उतरलेल्या गर्भाशयाला पट्टीने टांगून आधार देण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने ओळखली जाते. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीचे गर्भाशय काढून न टाकता तिचा विकार दूर व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती. शस्त्रक्रियेने दोरी नवी होते. पाण्याची काळजी त्यानंतरही घ्यावी लागते.

व्यायामाचा उपयोग किती होतो? २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने १४ देशांतील ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. खोकल्याने वा श्रमाने लघवी गळणाऱ्या ज्या स्त्रियांनी हे व्यायाम केले, त्यांच्यापैकी शेकडा ५६ जणींनी आपण बऱ्या झालो असे सांगितले. उपचार न घेतलेल्यांत हेच प्रमाण शेकडा ६ होते. गर्भाशयभ्रंशाच्या बाबतीत यश इतके लख्ख नाही. २०१४ साली ब्रिटन, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील ४४७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत व्यायाम शिकवलेल्या गटाचा जडपणा व त्रास कमी झाला. परंतु पुष्कळ खाली उतरलेले अंग व्यायामाने जागेवर परत जाईल अशी अपेक्षा कोणी धरू नये.

स्नायू ओळखणे

सर्वांत अधिक चूक येथेच होते. १९९१ साली अमेरिकेत ४७ स्त्रियांना हा व्यायाम केवळ तोंडी सांगून करावयास लावला, तेव्हा निम्म्याहून किंचित कमी स्त्रियांना तो नीट जमला, आणि चौघींतील एक तर अशा रीतीने करीत होती की त्याने गळणे वाढावे. ती वर ओढण्याऐवजी खाली ढकलत होती. तेव्हा वाचून व्यायाम करणाऱ्या वाचकांनीही पुढील खुणा ताडून पाहाव्यात.

गुडघे दुमडून पाठीवर निजावे. चारचौघांत बसले असता गुदद्वारातून वायू सुटू पाहत आहे व तो रोखावयाचा आहे, अशी कल्पना करून मागची वाट आवळावी. मग तोच आवळ पुढे मूत्रमार्गापर्यंत आणावा आणि दोन्ही मिळून आत व वर ओढावे. या वेळी श्वास चालू असला पाहिजे. नितंब उचलले जाऊ नयेत, मांड्या एकमेकींवर दाबल्या जाऊ नयेत. बेंबीवर हात ठेवला असता पोट फुगून वर येता कामा नये. ते वर आले तर जोर खाली जात आहे असे समजावे. एकांतात लहान आरसा धरून पाहिल्यास योनी व गुद यांमधला भाग आत ओढला जाताना दिसतो. तो बाहेर फुगत असेल तर व्यायाम थांबवून जाणकाराकडून शिकून घ्यावा.

लघवीची धार मध्येच रोखून पाहण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. स्नायू सापडला की नाही हे पाहण्यापुरती ती एखाद्या वेळी करण्यास हरकत नाही. रोजचा व्यायाम म्हणून ती करू नये, कारण त्यामुळे मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागते.

रोजचा क्रम

प्रारंभी तीन सेकंद आवळून धरावे आणि तितकाच किंवा त्याहून अधिक वेळ पूर्ण सैल सोडावे. सैल सोडणे हा व्यायामाचा निम्मा भाग आहे; तो घाईने उरकू नये. असे आठ वेळा करावे. आठवड्यामागून आठवडा धरण्याचा काळ वाढवीत दहा सेकंदांपर्यंत न्यावा. त्यानंतर चार-पाच वेळा चटकन आवळून चटकन सोडावे, कारण या स्नायूंत सावकाश, दीर्घ काळ काम करणारे तंतू आहेत तसेच शिंकेच्या क्षणी धावून येणारे तंतूही आहेत. दिवसातून तीन वेळा हा क्रम करावा आणि निदान तीन महिने सोडू नये. पहिल्या पंधरवड्यात फरक न दिसल्यामुळे सोडून देणाऱ्यांची संख्या फार मोठी असते. स्नायू वाढण्यास तेवढा काळ पुरतच नाही.

आधी निजून, मग बसून, शेवटी उभ्याने, असा चढता क्रम ठेवावा. संध्याकाळी जडपणा वाढतो त्यांनी उभ्याचा व्यायाम सकाळी करावा व रात्री कमरेखाली उशी घेऊन निजून करावा. वेळ ठरवण्यासाठी घड्याळाची जरुरी नाही. सकाळचा चहा आधणावर असताना, दुपारी भांडी आवरल्यावर, रात्री अंथरुणावर, अशा ठरलेल्या कामांशी व्यायाम जोडला की तो विसरत नाही.

याखेरीज एक सवय लावून घ्यावी: आधी आवळावे, मग खोकावे. खोकला, शिंक, उचलणे, खुर्चीतून उठणे, या प्रत्येकाच्या क्षणभर आधी श्रोणितल आवळून धरावे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा चाचणीत ही युक्ती शिकलेल्या वयस्क स्त्रियांचे खोकताना होणारे गळणे एका आठवड्यातच पुष्कळ कमी झाले. एवढ्या अवधीत स्नायू बलवान झाले असणे शक्य नाही. त्यांचा नेम तेवढा सुधारला.

चालणे, नमस्कार, ओझे आणि फुगडी

चालण्याने श्रोणितल बिघडतो असा पुरावा नाही. उलट नियमित मध्यम व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत लघवी गळण्याचे प्रमाण कमी आढळते. खमरियाच्या सपाट रस्त्यांवर प्रथम दहा मिनिटे, बेताच्या वेगाने, मूत्राशय रिकामे करून निघावे. वेगाआधी वेळ वाढवावा. अंगावर आवश्यक ते कापड वा पॅड घेऊन जाण्यात लाज बाळगू नये. पॅड घेऊन चाललेली अर्धी कोस वाट घरी बसून सांभाळलेल्या कोरड्या लुगड्यापेक्षा प्रकृतीस अधिक हितावह आहे. पोहणे व सायकल हेही चांगले व्यायाम आहेत, कारण त्यांत आदळणे नाही. वजन उतरवण्याचा लाभ तर मोजून पाहिलेला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत, ३३८ स्थूल स्त्रियांपैकी ज्यांनी सहा महिन्यांत आपले वजन सरासरी शेकडा ८ ने उतरवले, त्यांचे गळण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी झाले.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी ते बंद करू नयेत. पाय उडी मारून मागे न टाकता एकेक करून न्यावा, आणि श्वास कोठेही कोंडू नये. बैठका मारताना उठतेवेळी श्वास सोडावा. मांड्या जमिनीला समांतर होण्याच्या आधीच थांबावे, मग जमेल तसे खाली जावे. पाठीवर निजून धड झटक्याने उचलण्याचा पोटाचा व्यायाम मात्र तपासून घ्यावा. तो करताना खाली फुगवटा जाणवत असेल तर तो त्या शरीराला अजून झेपत नाही. हीच कसोटी सर्व व्यायामांना लावावी. व्यायाम करताना गळणे, खाली जडपणा वाटणे किंवा त्या संध्याकाळी त्रास वाढणे, यांपैकी काहीही झाले तर तो व्यायाम सोडून न देता एक पायरी खाली उतरावे. वजन कमी करावे, वेळ कमी करावा किंवा उभ्याऐवजी निजून करावा.

ओझ्याचा विचार घर आणि कारखाना दोन्हीकडे करावा लागतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमात, इजा होण्याजोगे जड ओझे कोणत्याही कामगारास उचलावयास लावू नये, असे म्हटले होते. स्वयंपाकघराला असा कायदा कधीच नव्हता. घरगुती गॅसच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीसह त्याचे वजन ३० किलोच्या आसपास जाते. तो उचलू नये. तिरपा करून कडेवर फिरवीत न्यावा किंवा दोघांनी धरावा. पंधरा लिटर पाण्याची कळशी म्हणजे पंधरा किलो आणि वर कळशीचे वजन. दोन अर्ध्या कळशांच्या दोन खेपा केव्हाही बऱ्या. ओझे अंगाजवळ धरावे, गुडघ्यांत वाकावे, श्रोणितल आवळावे आणि उचलताना ‘हूं’ करून श्वास बाहेर टाकावा. हमाल ओझे उचलताना जो आवाज काढतात त्यात हे शहाणपण आहेच.

श्रावणात मंगळागौरीच्या रात्री पुष्कळ प्रौढ बायका भिंतीशी बसून फक्त गाणी म्हणतात. त्यांपैकी कितीजणी गुडघ्यामुळे बसल्या आहेत आणि कितीजणी लघवीच्या धास्तीने, हे कोणी विचारीत नाही. खेळ सारे सारखे नसतात. झिम्मा आणि पिंगा यांत पावले जमिनीलगत राहतात; ते बहुतेकींना झेपतात. उभी फुगडी संथ घातली तर तीही चालते. बसफुगडी आणि कोंबडा यांत उकिडवे बसून उड्या मारावयाच्या असतात, आणि श्रोणितलावर इतका भार टाकणारा दुसरा खेळ क्वचितच असेल. तीन महिने व्यायाम करून, आधी जागच्या जागी लहान उड्या मारून पाहून, मगच त्यांच्या वाटेस जावे.

योगातील बंध

हठयोगातील मूलबंध व अश्विनी मुद्रा यांत हेच स्नायू आवळले जातात, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ पासून ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या क्रियांत पोटाच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, असे त्यांना दिसून आले. याच तत्त्वावर युरोपात अलीकडे काही व्यायामपद्धती निघाल्या आहेत. परंतु आतापर्यंतच्या चाचण्यांत श्रोणितलाच्या साध्या व्यायामाहून त्या सरस ठरलेल्या नाहीत. मूलबंध श्वास चालू ठेवून केला तर तो केगेल यांचाच व्यायाम होतो. दीर्घ कुंभकासह, जोराने केला तर लाभाची खात्री देता येत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी उड्डियान करू नये.

बाळंतीण

आपल्याकडे बाळंतिणीस सव्वा महिना विश्रांती देण्याची रूढी आहे व ती शहाणपणाची आहे. परंतु विश्रांती म्हणजे निश्चलता नव्हे. साधी प्रसूती झाली असेल तर पहिल्या काही दिवसांतच, बाजेवर निजल्या निजल्या, दुखणार नाही इतपत हलके आवळणे सुरू करता येते. टाके असले तरी सहसा हरकत नसते. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या किंवा फाटण्याचे प्रमाण मोठे असलेल्या स्त्रीने डॉक्टरांस विचारावे. पोट घट्ट बांधल्याने कमरेला आधार वाटतो, पण श्रोणितल त्याने बळकट होत नाही. धावणे व उड्या यांची घाई निदान तीन महिने करू नये. डिंकाच्या लाडवांबरोबर भाजी, फळे आणि भरपूर पाणीही असावे, कारण बद्धकोष्ठ हा बाळंतिणीच्या श्रोणितलाचा मोठा शत्रू आहे.

पाण्याविषयी सर्वांसाठीच सांगणे आहे. गळण्याच्या भीतीने पुष्कळ स्त्रिया पाणी पिणे कमी करतात. कामाच्या जागी शौचालय दूर वा अस्वच्छ असले तर विशेषच. जबलपूरच्या वैशाखात पारा ४० अंशांच्या वर असताना हा प्रकार घातक आहे. लघवी दाट होऊन मूत्राशयास चुरचुर लागते, घाई वाढते, आणि मलही कठीण होतो. पाणी कमी न करता चहाचे पेले कमी करावेत.

व्यायाम पुरत नाही तेव्हा

अंग खाली उतरलेल्या स्त्रीला योनिमार्गात बसवावयाचे सिलिकॉनचे कडे मिळते. योग्य मापाचे कडे डॉक्टरांनी बसवून दिल्यास त्यासह चालणे, काम करणे व व्यायाम करणे शक्य होते. ठराविक मुदतीने ते काढून धुणे व तपासणी करणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर येतो.

एका उलट प्रकाराकडेही लक्ष वेधले पाहिजे. काही व्यक्तींचे श्रोणितल सैल नसून सतत आवळलेले असते. ओटीपोटात दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना, लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, शौचास अडखळणे ही त्याची लक्षणे होत. अशांनी आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणे वाढते. त्यांनी पोट सैल सोडून दीर्घ श्वास घेणे, गुडघे छातीशी घेऊन निजणे आणि स्नायू सोडण्यास शिकणे हाच उपचार होय.

पुढील लक्षणे असताना व्यायामाचा प्रयोग करीत बसू नये: लघवीत रक्त, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव, लघवी तुंबणे, तापासह जळजळ, बाहेर आलेल्या अंगावर जखम, आणि प्रसूतीनंतर रात्रंदिवस सतत गळत राहणे. या शेवटच्या लक्षणात मूत्राशयाला छिद्र पडलेले असू शकते व ते व्यायामाने बुजत नाही. दोन्ही मांड्यांच्या मधला भाग एकाएकी बधिर होऊन लघवीचे वा शौचाचे भान गेले तर तो मणक्यातील मज्जातंतूंवरील दाब असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खमरियाहून जबलपूर शहरातील राणी दुर्गावती रुग्णालय, ज्यास जुनी माणसे अजूनही लेडी एल्गिन म्हणतात, आणि १९५५ साली स्थापन झालेले व आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने चालणारे वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणे जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. तेथे गेल्यावर ‘कंबर दुखते’ असे न सांगता, लघवी केव्हा गळते, दिवसातून किती वेळा गळते, खाली काही हातास लागते काय, बाळंतपणे किती व कशी झाली, हे सरळ सांगावे. तीन दिवस आधीपासून पाणी किती प्यायले, लघवीस किती वेळा गेले आणि काय करताना गळले याची वहीत नोंद ठेवून ती वही बरोबर न्यावी. तपासणीच्या वेळीच श्रोणितल आवळून दाखवावे आणि स्नायू योग्य दिशेने चालतो की नाही हे विचारून घ्यावे. तीन महिन्यांनी तीच वही घेऊन पुन्हा जावे.